आवाजाचा तळ

आमच्या ग्वाल्हेरच्या वस्त्यांची नावेही छावणीची आहेत. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि पुढे त्या तळाचेच ‘लष्कर’ नावाचे शहर झाले. मी राहतो तो भाग पडाव. पडाव म्हणजे मुक्कामाची जागा. वाटसरूने घटकाभर पाठ टेकावी आणि उठून चालू लागावे असे ठिकाण. आमचे पूर्वज मात्र येथे टेकले ते टेकलेच. तेव्हा ‘तळ’ हा शब्द आम्हां ग्वाल्हेरकरांना नवा नाही. पण गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात निराळ्याच तळाची चर्चा चालली आहे. तो तळ आवाजाचा. वाचकहो, या वेळच्या लेखाचा विषय थोडा यंत्रविद्येकडे झुकणारा आहे. मराठीच्या शिक्षकाने तारा जोडण्यावर लिहावे हे काहींना रुचणार नाही; परंतु शेवटपर्यंत वाचल्यास विषय आपल्या घरातलाच आहे असे वाटेल, अशी आशा आहे.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, आज पंच्याऐंशी वर्षांचे आहेत. हयात रेल्वेच्या कचेरीत कारकुनीत गेली. पण नोकरी सांभाळून त्यांनी माधव संगीत महाविद्यालयात गाण्याचे शिक्षण घेतले. १९१८ साली माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंडे यांच्या योजनेने निघालेली ही संस्था. हस्सूखाँ-हद्दूखाँ यांची गायकी ज्या गावात वाढली आणि जेथून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात नेली, त्या गावात कारकुनानेही तंबोरा जुळवावा यात नवल नाही. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून मान्यता दिली, तेव्हा अण्णा एवढेच म्हणाले, “बरे झाले, त्यांनाही कळले.”

गुडघ्यांमुळे आता त्यांना तानसेन समारोहाला जाता येत नाही. घरी बसून ऐकणे एवढेच हाती उरले आहे. त्यासाठी १९९४ साली मी माझ्या पहिल्या थकबाकीतून घेतलेला ॲम्प्लिफायर, एक कॅसेट डेक आणि दोन छोटे स्पीकर अजून चालू स्थितीत आहेत. गेली दोन-तीन वर्षे अण्णांची एकच तक्रार असे : “डग्गा कुठे गेला? नुसता तबलाच वाजतो आहे. तंबोऱ्याला खर्ज नाही. हे गाणे अधांतरी आहे.” मी मनात म्हणे, वय झाले, कान गेले. अखेरीस त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. तपासणी झाली आणि डॉक्टरांनी आलेख पुढे ठेवला. वार्धक्यात कान वरच्या स्वरांना आधी पारखे होतात. अण्णांचे तसेच झाले होते. खालच्या स्वरांना मात्र त्यांचा कान शाबूत होता. म्हणजे अण्णा खरे बोलत होते. डग्गा खरोखरच वाजत नव्हता. दोष कानांचा नव्हता, स्पीकरांचा होता. आणि थोडा माझाही, कारण मी तीन वर्षे ते मानले नव्हते.

असे का व्हावे? पुरुष गायकाने काळी एक हा षड्ज धरला, तर त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. डग्ग्याचा घुमाराही याच्या आसपासच्या प्रदेशातला. आता स्पीकरचा पडदा हवा ढकलतो तेव्हा आवाज होतो. स्वर एक सप्तक खाली गेला, म्हणजे कंपने निम्मी झाली, की तेवढाच मोठा आवाज काढण्यासाठी पडद्याला पूर्वीच्या चौपट मागेपुढे हलावे लागते. तळहाताएवढ्या पडद्याला ते झेपत नाही. सुपाने पाखडण्याचे धान्य बशीने पाखडता येत नाही, तसेच हे. म्हणून छोटा स्पीकर सुमारे १०० कंपनांच्या खाली हळूहळू मुका होत जातो. तंबोरा ऐकू येतो, पण त्याची वरची झिणझिण तेवढी; जमीन राहत नाही.

ही उणीव भरून काढणाऱ्या यंत्राचे नाव सबवूफर. इंग्रजीत कुत्र्याच्या भुंकण्याच्या आवाजावरून मोठ्या स्पीकरला ‘वूफर’ म्हणू लागले आणि पाखराच्या किलबिलीवरून छोट्याला ‘ट्वीटर’. वूफरच्याही खालचा तो सबवूफर. एका जाड लाकडी खोक्यात मोठा पडदा आणि त्याला हलवणारा स्वतंत्र ॲम्प्लिफायर, अशी त्याची रचना असते. इतके खालचे स्वर कोणत्या दिशेने येतात हे कानाला ठरवता येत नाही. म्हणून दोन स्पीकरांच्या जोडीला असा एक खोका पुरतो.

दिवाळीत चिरंजीव पुण्याहून आले ते हा काळा खोका घेऊनच. आजोबांना त्याच संध्याकाळी डग्गा ऐकवायचा, या उत्साहात त्यांनी ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे दिसलेल्या पहिल्याच मोकळ्या जोडीत तारा खोचल्या. त्या छिद्रांवर ‘टेप आउट’ असे लिहिले होते. संगीत सुरू झाले आणि घर थरारले. चिरंजीवांनी आवाजाचे बटण घाईघाईने शून्यावर आणले. स्पीकर गप्प झाले, पण खोका तसाच दणदणत राहिला. फडताळावरची पितळेची भांडी एकमेकांना लागली, खिडकीची तावदाने खडखडली, आणि दोन मिनिटांत शेजारचा मुलगा दारात उभा राहिला : “मास्साब, अम्मा की खटिया हिल रही है!”

अम्मा नव्वदीच्या आहेत आणि आमची त्यांची भिंत एकच. मी स्वतः जाऊन क्षमा मागितली. त्या रागावल्या नव्हत्या. “भैया, हमने सोचा भूचाल है,” एवढेच म्हणाल्या. पण छातीवर ठेवलेला त्यांचा हात मी पाहिला, आणि हा खोका नीट बसेपर्यंत चालू करायचा नाही असे घरी येऊन सांगितले.

त्या रात्री बापलेकांनी माहितीपत्रक समोर घेऊन अभ्यास केला. त्यातून जे हाती आले ते अशा खटाटोपात पडणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देतो. ‘टेप आउट’ ही वाट ध्वनिमुद्रण करून घेण्यासाठी असते. तिच्यातून जाणारा आवाज बटणापर्यंत पोचण्याआधीच बाहेर पडतो. म्हणून बटण कितीही फिरवा, त्यावर परिणाम नाही. सबवूफर जोडण्याच्या खऱ्या वाटा दोन. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर ‘सब आउट’ किंवा ‘प्री आउट’ असेल तर तेथून तार न्यावी. ही सोपी वाट. आमच्यासारख्या जुन्या यंत्राला ती नसते. अशा वेळी ज्या खिळ्यांना स्पीकरच्या तारा जोडलेल्या असतात, त्याच खिळ्यांवरून आणखी एक जोडी काढून खोक्याच्या ‘हाय लेव्हल’ खिळ्यांना जोडावी. लाल ते लाल, काळी ते काळी, यात चूक होऊ देऊ नये. स्पीकर आहेत तसेच राहतात. खोक्याला स्वतःची वीज असल्यामुळे तो या वाटेने आवाजाची वार्ता तेवढी घेतो, ताकद घेत नाही. जुन्या ॲम्प्लिफायरवर बोजा पडत नाही. मात्र स्पीकरच्या तारा खोक्याच्या बारीक पिनांच्या छिद्रांत कधीही घालू नयेत. यंत्र जळण्याचा संभव असतो. आणि जोडणीच्या वेळी सर्व यंत्रे बंद असावीत, हे सांगणे नलगे.

दुसऱ्या दिवशी तारा योग्य जागी गेल्या, तर नवेच विघ्न. संगीत नसतानाही खोका भुंग्यासारखा गुणगुणू लागला. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने पुरी करते, आणि सबवूफरचे कामच मुळी असले खालचे स्वर मोठे करण्याचे. म्हणून छोट्या स्पीकरातून कधी न जाणवलेली ही गुणगुण तो लगेच पकडतो. दोन यंत्रे दोन निराळ्या भिंतींवरच्या बोर्डांना लावलेली असली की त्यांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक राहतो आणि तो तारांमधून फिरू लागतो. आम्ही दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर आणली, भुंगा उडाला. काही मेकॅनिक अशा वेळी तिसरी पिन कापून टाकण्याचा सल्ला देतात. तो मुळीच ऐकू नये. ती पिन गुणगुणीसाठी नसून आपल्या जिवासाठी आहे.

मग प्रश्न आला जागेचा. यासाठी एक गमतीची पण खात्रीची युक्ती आहे. ऐकणारा जेथे बसतो तेथे खोका ठेवावा, एखादे खर्जयुक्त वादन लावावे, आणि आपण जमिनीवर रांगत भिंतीकडेने फिरावे. जेथे खालचे स्वर सारखे आणि स्वच्छ ऐकू येतील, ती खोक्याची जागा. कारण खोका आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोलीचा हिशेब तोच राहतो. त्याप्रमाणे अण्णांच्या आरामखुर्चीवर खोका विराजमान झाला आणि शासकीय विद्यालयाचे मुख्याध्यापक सतरंजीवर चार पायांनी फिरू लागले. सौ.नी दारातून हे पाहिले आणि काही न बोलता त्या आत गेल्या. मुख्याध्यापकांना इतके मौन शाळेतही मिळत नाही.

चमत्कार असा की, सगळी खोली रांगून झाली तरी तंबोऱ्याचा खर्ज कोठेच सापडेना. तेव्हा चिरंजीवांनी टेप लावून खोली मोजली. लांबी सोळा फूट. ७० कंपनांच्या स्वराची एक लाट हवेत जवळजवळ तेवढीच लांब असते. अशी लाट दोन भिंतींत अडकली की भिंतींपाशी आणि मधोमध तिचा जोर दाटतो, आणि भिंतीपासून चार फुटांवर ती जवळपास नाहीशी होते. अण्णांची खुर्ची मागच्या भिंतीपासून बरोबर चार फुटांवर होती! आईने कधीकाळी केर काढण्याच्या सोयीने ती तेथे ठेवली होती. मोठे स्पीकर आणले असते तरी त्या जागी खर्ज पोचला नसता. खुर्ची भिंतीला टेकवली. रांगण्याचा कार्यक्रम पुन्हा झाला. आणि खिडकीखालची जागा खोक्याला लाभली. कोपरा आम्ही मुद्दाम टाळला. कोपऱ्यात खालचा आवाज फुगतो, आणि आमचा तो कोपरा अम्मांच्या भिंतीचा.

राहिली ती बटणे. कोणत्या स्वराच्या खाली खोक्याने काम हाती घ्यावे, हे एक बटण ठरवते. छोट्या स्पीकरांबरोबर ते ८० कंपनांच्या जवळ ठेवून मग कानाने पुढेमागे करावे. दुसरे, शून्य आणि एकशेऐंशी अंशांचे. स्पीकरचा पडदा पुढे येत असता खोक्याचा मागे जात असेल तर दोघे एकमेकांचा आवाज खातात. ज्या बाजूला डग्गा भरीव वाटेल ती बाजू खरी. तिसरे बटण आवाजाचे, आणि तेच सर्वांत घातक. चिरंजीवांनी ते प्रथम निम्म्यावर ठेवले. अण्णा दोन मिनिटे ऐकून म्हणाले, “बंदिशीचे शब्द गेले. आता नुसता डग्गाच आहे.” हेही शास्त्राला धरून होते. खालचे मोठे स्वर वरच्या स्वरांना झाकून टाकतात, आणि शब्दांची व्यंजने तर वरच्याच प्रदेशात राहतात; वृद्ध कानांना ती आधीच अंधूक. बटण खाली येत येत अशा ठिकाणी थांबले की खोका चालू आहे हे कळू नये, पण बंद केला तर काही हरवले असे वाटावे. अण्णांनी मान डोलावली. “खर्ज असाच असावा,” ते म्हणाले. “वाजताना लक्ष वेधून घेईल तो खर्ज कसला?”

एक निराशाही पदरी आली. अण्णांना वाटे, आता जुन्या तबकड्यांतली गाणीही भरून येतील. तसे झाले नाही. आपल्या देशात १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून १९२५ च्या सुमारास विजेवरचे मुद्रण सुरू होईपर्यंत गायक कर्ण्यात तोंड घालून गात असे, आणि त्या कर्ण्याला खालचे स्वर जवळजवळ धरताच येत नसत. जे मुद्रितच झाले नाही ते खोका कोठून आणणार? तेथे तो फक्त तबकडीच्या फिरण्याची घरघर मोठी करतो. अशी गाणी ऐकताना तो बंद ठेवणेच बरे.

पण जे मुद्रित झाले होते आणि तरीही आम्ही कधी ऐकले नव्हते, असे काही घरातच निघाले.

१९८६ च्या गुरुपौर्णिमेला याच खोलीत अण्णा यमन गायले होते. पेटीवाले आले नव्हते; रेल्वेतलेच एक स्नेही तबल्याला होते आणि मागे तंबोऱ्यावर आई. शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या टेपरेकॉर्डरचे बटण मी दाबले होते. तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. गाणे संपल्यावर पाहुण्यांसमोरच अण्णा आईला म्हणाले, “मध्ये तुझा खर्ज उतरला. मला आधार मिळेना.” आई गवसणी घालता घालता म्हणाली, “तार जागेवर होती. चढलात तुम्ही.” एवढेच. पण तो तंटा आमच्या घरात पंचवीस वर्षे चालला. भाजीत मीठ कमी पडले की अण्णा म्हणत, “खर्ज उतरला”, चहा ऊन लागला की आई म्हणे, “चढलात तुम्ही.” टेप पुष्कळदा लावली, पण निवाडा होईना, अण्णांच्या गळ्याखाली आणि तबल्याखाली तंबोरा बुडून गेलेला. २०११ साली आई गेली आणि तंटा तसाच राहिला. त्यानंतर अण्णांनी ती टेप कधी लावायला सांगितली नाही.

चिरंजीव परत जाण्याच्या आदल्या संध्याकाळी अण्णा आपण होऊन म्हणाले, “ती गुरुपौर्णिमेची काढ.”

सुरुवातीलाच एक लांबलचक घरघर आली आणि अण्णांनी खिडकीकडे पाहिले. गाडी बाहेर नव्हती, टेपमध्ये होती. एकोणचाळीस वर्षांपूर्वी पडावावरून गेलेली गाडी आम्ही प्रथमच ऐकली. ती दूर गेली आणि तिच्या मागून तंबोरा आला. पूर्वी मागे कोठेतरी नुसती झिणझिण असे. आता चौथ्या तारेचा खर्ज गळ्याच्या खाली, जेथे दुसरे काहीच नव्हते तेथे, स्वतंत्र ऐकू येत होता. संथ, सारख्या अंतराने. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मला भीती होती की जुनी टेप हळू-जलद फिरल्याने सूर हलले असतील. पण तसे झाले तरी गळा आणि तंबोरा एकत्रच हलणार, त्यांच्यातले अंतर बदलणार नाही. म्हणजे साक्ष ग्राह्य होती.

मध्यलयीच्या सुमारास अण्णांनी बोट वर केले. मी यंत्र थांबवले.

“मागे घे.”

तो भाग तीनदा झाला. मग अण्णा म्हणाले, “तार जागेवर आहे. मीच चढलो.”

कोणी काही बोलले नाही. सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. थोड्या वेळाने मी टेप पुढे चालू केली, तर अण्णांनी हाताने खूण केली : “तो खोका जरा कमी कर. तिला मोठ्याने वाजवायची सवय नव्हती.”

आता रोज संध्याकाळी सातच्या सुमारास ती टेप लागते. अम्मांची खाट हलत नाही. उलट मध्ये दोन दिवस वीज नव्हती तर त्यांनी नातवाला पाठवून बाबूजींची तब्येत बरी आहे ना, याची चौकशी केली.

वाचकहो, आपणांपैकी अनेकांच्या घरी अशा टेपा असतील. इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला गणेशोत्सवाच्या, हळदीकुंकवाच्या, आजीच्या ओव्यांच्या. त्या उन्हात किंवा ओलीत ठेवू नयेत, आणि सबवूफरवर तर मुळीच ठेवू नयेत. त्याच्या पोटात मोठे चुंबक असते आणि ते टेपवरचे मुद्रण बिघडवू शकते. वर्षातून एकदा त्या पूर्ण फिरवाव्यात आणि जाणकाराकडून त्यांची नवी प्रत करून घ्यावी. चिरंजीवांनी आमच्या टेपेच्या तीन प्रती केल्या. एक पुण्यास नेली, एक कपाटात आहे. तिसरीवर काय लिहावे असे त्याने विचारले. इतकी वर्षे डबीवर ‘अण्णा, यमन, १९८६’ एवढेच होते. अण्णांनी चष्मा मागितला, कापऱ्या हाताने खाली आणखी एक ओळ लिहिली, ‘तंबोरा’, आणि त्यापुढे आईचे नाव.